पुढचं गाणं कोण लावतं?

गाण्यांच्या अ‍ॅपवरच्या माझ्या यादीतलं लाडकं गाणं काल अचानक करडं पडलं. बोट लावलं तर म्हणे ‘सध्या उपलब्ध नाही’. सध्या म्हणजे? आंघोळीला गेलंय? महिन्याच्या महिन्याला पैसे भरतो मी! कुठेतरी हक्कांचा करार संपतो आणि आपल्या घरातलं गाणं आपल्याला न विचारता उठून जातं. तणतणत माळ्यावरून सीडी प्लेयर काढला, तर भाचा समोर हजर.

“मामा, यात किती गाणी मावतात?”

“74 मिनिटांची.”

तो हसला असता तर चाललं असतं. त्याला माझी दया आली.

“मग संपल्यावर?”

“संपलं.”

“पण मग पुढचं गाणं कोण लावतं?”

“मी. उठून.”

बराच वेळ माझ्याकडे बघून तो म्हणाला, “म्हणजे अल्गोरिदम तूच?”

तेवढ्यात त्याला एलपी दिसली. एका बाजूला जेमतेम 22 मिनिटं, मग उलटायची, हे ऐकून त्याने ती खरंच उलटून पाहिली. “आणि गाण्यावर सुई? ओरखडे नाही पडत?”

“पडतात.”

“तरी वाजतं?”

“वाजतं की. थोडी कटकट करतं, आणि कधीकधी तेच तेच म्हणत बसतं.”

“तुझ्या मामासारखं,” आतून बहीण.

सीडी आत सरकवली. प्लेयरने घरघर केली, विचार केला आणि पडद्यावर लिहिलं: ‘नो डिस्क’. अरे, आत्ता तुझ्या घशात घातली ना! भाचा खूश. “याच्याकडेपण उपलब्ध नाही!”

कॅसेटही काही साधी नव्हती म्हणा. टेप गिळायची, मग पेन्सिल घालून गुंडाळत बसा. पण गिळलेली टेप निदान आपल्या मालकीची असायची. 1963 साली कॅसेट आली, 1982 साली सीडी. आमच्या पिढीने तोच अल्बम आधी कॅसेटवर घेतला, मग ‘आवाज स्वच्छ’ म्हणून सीडीवर घेतला, आणि आता त्याचंच भाडं भरतोय. शिवाय हा भाडेकरू घरमालकाच्या लहरीवर. शफल बंद करायला विसरलो की आधी द्रुत, मग विलंबित. एकदा कुणाच्या तरी बाळासाठी अंगाईगीत लावलं, तेव्हापासून अ‍ॅप मला रोज झोपवायला बघतं.

शेवटी भाच्यानेच फोनवर ते गाणं शोधून दिलं. रिमिक्स. सुरुवातीची सतार गायब, तिथे धाडधाड ठोके, आणि मधूनच कुणीतरी ‘येस’ म्हणून ओरडतंय.

“सेमच आहे ना, मामा?”