पर्जन्यछायेतील गॅलरी

भर पावसात झाडांना पाणी घातल्याबद्दल आमच्या सोसायटीने परवा मला दोनशे रुपये दंड केला. रक्कम क्षुल्लक आहे. पण फलकावर ‘पाण्याचा अपव्यय’ या शीर्षकाखाली आपल्या सदनिकेचा क्रमांक वाचताना जीव जो जळतो, त्याची भरपाई कोणत्याही उपविधीत नाही.

नेरूळमधील माझी गॅलरी पूर्वेला आहे आणि तिच्या डोक्यावर वरच्या मजल्याची गॅलरी आहे. मोसमी पाऊस येतो नैर्ऋत्येकडून, त्यामुळे ही सहा मजली इमारतच माझा सह्याद्री झाली आहे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक आणि घाटापलीकडच्या माण-खटावात पाचशेच्या आसपास, हाच न्याय आमच्या मजल्यावरही चालतो. पश्चिमेकडच्या गॅलऱ्यांत शेवाळ धरते, तेव्हा माझी मिरची मान टाकते. वळवाचे मात्र उलटे. तो दुपार कलल्यावर घाटाच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडूनच, गडगडत येतो, दोडक्याचा मांडव आडवा करतो, मिरचीचा फुलोरा झोडपून काढतो आणि कुंडीतील माती बोटभरही न भिजवता निघून जातो. २०२५ साली मोसमी पाऊस ११ जून या नेहमीच्या तारखेची वाट न पाहता २६ मे रोजीच मुंबईत हजर झाला. त्या आनंदात मी भेंडी पेरली आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्याने दडी मारली. पाण्याचा ताण पडला की भेंडी बोटाएवढी होण्याआधीच जून होते. ती भाजी आम्ही चावली, गिळली नाही.

या वर्षी पाऊस लांबल्यामुळे सोसायटीने झाडांना नळाचे पाणी घालण्यास बंदी केली होती. परवा पहिली मोठी सर आली, तेव्हा मी तांब्याने कुंड्यांना पाणी घालत होतो. खाली छत्री घेऊन उभ्या असलेल्या खजिनदारांनी वर पाहिले आणि ते लिफ्टने थेट माझ्या दारात आले.

“अहो, पाऊस पडतोय!”

“माझ्याकडे पडत नाही,” मी म्हणालो.

त्यांनी गॅलरीच्या कठड्यातून हात बाहेर काढला, तो भिजवून आत आणला आणि पुरावा म्हणून माझ्या नाकासमोर धरला. मी त्यांचे कोरडे बोट मिरचीच्या कुंडीत खुपसले. कोकोपीट एकदा कडकडीत वाळले की पाणी पीत नाही. वरून ओतलेले पाणी कुंडीच्या कडेने उतरते आणि तळाच्या भोकातून निघून जाते, म्हणून ते थांबत थांबत घालावे लागते, हे मी त्यांना सविस्तर सांगितले. पानांमागचा लाल कोळीही दाखवला, कारण ही कीड कोरड्या हवेतच माजते. खजिनदारांनी बोट रुमालाला पुसले.

“तुमच्या कुंडीला गळती असेल.”

“ते भोक मुद्दाम ठेवलेले असते.”

“मग बुजवा. पाणी वाचेल.”

हे पाणी नळाचे नसून तांदूळ धुतलेले आहे, असे मी पातेले पुढे करून सांगितले. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिले. “दोघांच्या भाताला एवढे पाणी? तांदूळ किती वेळा धुता?” या प्रश्नावर स्वयंपाकघरातून जे उत्तर आले, ते येथे देता येणार नाही.

मग त्यांनी उपाय सुचवला: कुंड्या खाली आवारात न्याव्यात, पावसात भिजवाव्यात आणि परत आणाव्यात. लिफ्टमधून कुंड्या नेण्यास मनाई असल्याचा फलक त्यांच्याच सहीचा आहे, याची मी आठवण करून दिली. “जिना आहे ना,” ते म्हणाले. माझ्या कंबरेबद्दल त्यांनी चौकशीही केली नाही.

“पाऊस सुरू झाला आहे, तर बंदी उठवा,” मी म्हणालो.

“असे कसे? आपले पाणी मोरबे धरणातून येते, आणि ते खालापुरात आहे. तिकडे पडला पाहिजे.”

म्हणजे नेरूळचा पाऊस सोसायटीच्या टाकीला लागू नाही, तो केवळ माझ्या कुंड्यांना लागू आहे. एवढे स्वच्छ तर्कशास्त्र ऐकल्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, तरी मी घातला. त्याच आवारात पाण्याच्या टँकरने आलेल्या पाण्याने गाड्या धुतल्या जातात आणि त्याची नोंद कोणी घेत नाही. गाडी पुसणाऱ्याला नियम नाही. दोन मिरच्या पिकवणाऱ्याला मात्र बोट घालून तपासणी आहे. उन्हाने फूल गळते, वळवाने मोडते, उरलेले कोळी खातो, आणि एवढ्यातून जे वाचते त्याच्यावर कमिटी टपलेली असते.

निघताना खजिनदार तुळशीपाशी थांबले. त्यांची गॅलरी पश्चिमेला आहे. “आमच्या तुळशीची मुळे दर पावसाळ्यात कुजतात हो. फार पाणी होते. तुमची कशी छान राहते?” मी रोप दिले नाही, फक्त मंजिऱ्या दिल्या, आणि कुंडीचे भोक बुजवू नका असे बजावले.

पावती संध्याकाळी आली. पावसात झाडांना पाणी घालण्यासाठी पावतीपुस्तकात रकाना नसल्यामुळे तिच्यावर ‘गॅलरी धुतल्याबद्दल’ असे लिहिले आहे. दुरुस्तीसाठी मी लेखी अर्ज दिला. अर्जाचे शुल्क पन्नास रुपये आहे.