रझांचा बिंदू बाजारात जन्मला नाही

चित्रकार सय्यद हैदर रझांचं नाव निघालं की एक ठरलेला मजकूर फिरू लागतो. माणूस १९५० साली पॅरिसला गेला, देशाकडे पाठ फिरवली. म्हातारपणी भारतीय अध्यात्माला भाव आहे हे ओळखून बिंदू काढू लागला आणि शेवटपर्यंत तोच गिरवत बसला. सोबत लिलावाचे कोटींचे आकडे असतातच.

देशाकडे पाठ फिरवली हे तर धडधडीत खोटं. फाळणीनंतर त्यांची भावंडं पाकिस्तानात गेली, रझा मुंबईत राहिले. पुढे साठ वर्षं फ्रान्समध्ये काढली, लग्नही तिथल्या चित्रकार जानीन मोंजिला यांच्याशी केलं, पण नागरिकत्व भारताचंच ठेवलं. २०१० च्या अखेरीस ते दिल्लीला कायमचे परतले. २०१६ साली गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मध्य प्रदेशातल्या मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी दफन झालं.

ते पॅरिसला गेले कशासाठी, हे मात्र या मजकुरात कधीच नसतं. नागपूरचं कलाविद्यालय, मग जे. जे.; दिवसा छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी आणि उरलेल्या वेळात मुंबईच्या रस्त्यांची जलरंगचित्रं. १९४७ साली सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यासोबत त्यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा आधुनिक चित्रकार-शिल्पकारांचा गट उभा केला. म्हणजे हा चित्रकार मुंबईत घडलेलाच होता. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकारानं त्यांची चित्रं पाहिली आणि सांगितलं, तुमच्या चित्रांत रचना कमी पडते, फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करा. ही उणीव भरून काढायला रझा फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर गेले.

आता बिंदू. १९५६ साली त्यांना फ्रान्समधला समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला आणि निसर्गचित्रांना तिथे ग्राहकही होते. बाजारच सांभाळायचा असता तर तीच चित्रं काढत राहणं सोयीचं होतं. त्याऐवजी सत्तरच्या दशकात ते अस्वस्थ होऊन राजस्थान, गुजरात, अजिंठा-वेरूळ फिरले. मंडला जिल्ह्यातल्या शाळेत लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं होतं, ही आठवण ते वारंवार सांगत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो ठिपका कॅनव्हासवर आला: मधोमध काळं वर्तुळ, त्याभोवती चौकटी आणि पट्टे, आणि सगळ्या रंगांना धरून ठेवणारं ते एकच केंद्र. मला इथे १९४८ च्या त्या शेऱ्याचं उत्तर दिसतं. तीस वर्षं शोधलेली रचना त्यांना अखेर स्वतःच्या बालपणात सापडली.

आणि भाव? ‘सौराष्ट्र’ हे चित्र १९८३ चं. ते लंडनच्या लिलावात सोळा कोटींच्या वर गेलं २०१० साली. ऐंशीच्या दशकात भारतीय आधुनिक चित्रांना परदेशी लिलावात असा भाव नव्हताच. सत्तावीस वर्षांनी येणाऱ्या किमतीसाठी कुणी शैली बदलत नाही.

‘तेच तेच’ या आक्षेपात थोडं तथ्य आहे. शेवटच्या दशकातली काही चित्रं मलाही सपाट वाटतात. रंग आहे, ताण नाही. पण पन्नासच्या दशकातली दक्षिण फ्रान्समधल्या कान्य गावची घरं, १९६२ मध्ये बर्कलीला शिकवून आल्यावर मोकळा झालेला ब्रश, मग तैलरंग सोडून ॲक्रिलिक, मग भूमिती, हा सगळा प्रवास एका ठिपक्यात कोंबता येत नाही. टीका करायचीच तर उत्तरकाळातल्या कमजोर चित्रांवर नावानिशी करा, आणि ती करताना ‘सौराष्ट्र’ शेजारी ठेवून बघा.