बाक दोघांचा

लग्न ठरवताना मुलाची नोकरी बघतात, गावाकडची जमीन बघतात, पत्रिका तर दोन-दोन भटजींना दाखवतात. आडनावाचं पहिलं अक्षर मात्र कुणी बघत नाही. मी माहेरची आंब्रे. शाळेत माझा हजेरी क्रमांक कायम वरचा. लग्न होऊन हिरव्यांच्या घरात आले आणि त्याची फळं आता माझी लेक भोगते आहे. नववी ब च्या हजेरीपटावर आधी मुलगे, मग मुली आणि मुलींमध्ये अ पासून ह पर्यंत. म्हणजे तनुजा हिरवे एकदम तळाला, 80 च्याही पुढे. तास 35 मिनिटांचा. बाई सुरुवात करतात तेव्हा आवाज खणखणीत असतो. चाळिसाव्या नावाला पाणी पितात. साठीच्या आसपास कुणीतरी न आलेल्या मित्राच्या नावाला ‘हजर’ म्हणतो, मग तो कोण हे शोधण्यात आणखी पाच मिनिटं.

“आई, मी शाळेत आलेय हे बाईंना तास संपताना कळतं,” तनुजा सांगते. “आणि मग त्या निघून जातात.”

वर्गात आर्यन पाटील तीन आहेत. आमच्या पट्ट्यात गावठाणातले पाटील वेगळे, घाटावरून पोट भरायला आलेले पाटील वेगळे. मुलाचं नाव ठेवताना मात्र सगळ्यांना एकाच वर्षी एकच नाव सुचलं. बाईंनी त्यांची आर्यन पाटील गावठाण, आर्यन पाटील सेक्टर आणि आर्यन पाटील चष्मा अशी सोय लावली होती. दिवाळीनंतर सेक्टरवाल्यालाही चष्मा लागला. आता परत सगळं पहिल्यापासून.

शाळा कुठली ते सांगत नाही. सरकारी आहे, नवी मुंबईत आहे आणि ठाणे-बेलापूर रस्त्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. नाव छापलं तर उद्या आणखी चारजण प्रवेशाला येऊन उभे राहतील, कारण शाळा चांगली आहे हो! शिक्षक मन लावून शिकवतात, दहावीचा निकाल चांगला लागतो. गर्दी वाईट हॉटेलात कधी होत नाही. खासगी शाळेची चौकशी मीही केली होती. काउंटरवरच्या मुलीनं हसतमुखानं फीचा कागद पुढे केला, मी तो हसतमुखानं परत केला.

या शहराची एक गंमत आहे. 1965 च्या सुमाराला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, अभियंते शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवा म्हणून सुचवलं. 1970 मध्ये त्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी निघाली. मुंबईची गर्दी कमी व्हावी, हा हेतू. मुंबईची गर्दी कमी झाली की नाही ते मोठ्या लोकांनी सांगावं. ती तिथून निघून कुठे आली ते मात्र मला विचारा. ती नववी ब मध्ये बसली आहे. एका बाकावर चौघी.

बाक दोघांचा आहे. त्यावर चौघी कशा मावतात याचं एक शास्त्र या पोरींनी बसवलंय. मधल्या दोघी सरळ बसतात, कडेच्या दोघी तिरप्या, एक पाय बाहेर. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं असेल तर आधी मधल्या लिहितात, मग कडेच्या त्यांच्या वहीतलं बघून लिहितात. डावखुरी असेल ती डाव्या कडेला. तिला चुकून मध्ये बसवलं तर दोन कोपरांची लढाई ठरलेली. दप्तरं मांडीवर, कारण पायाशी मागच्या बाकाचे पाय. घटक चाचणीत एका बाकावरच्या चौघींना सारखेच गुण पडले, तेव्हा बाईंनी विचारलं, कॉपी केली का? पोरी म्हणाल्या, “बाई, कॉपी करायला मान वळवावी लागते.”

प्रयोगशाळेत दहावी क भरते. रसायनांच्या बाटल्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि कपाटाला टेकून शेवटचा बाक. आम्लाच्या इतक्या जवळ वर्षभर बसून लिटमस पेपरचा रंग पालटताना न पाहिलेली मुलं दुसरीकडे कुठे सापडायची नाहीत.

तनुजाची पाण्याची बाटली सकाळी भरून जाते ती दुपारी भरलेलीच परत येते. मधल्या सुट्टीत मुलींच्या स्वच्छतागृहापुढे रांग असते आणि सुट्टी संपते तरी रांग संपत नाही, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. इथे मला विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

आमच्या यांना वर्गाचा फोटो दाखवला. हे वाशीच्या मार्केटला माथाडी आहेत, कांदा-बटाट्यात. फोटोकडे बराच वेळ बघून म्हणाले, “एवढा माल एका गाळ्यात भरायला सांगितला असता, तर आम्ही काम थांबवून युनियनला बोलावलं असतं.” मुलांची युनियन नाही ही खरी अडचण.

कायदा आहे, पण तो आठवीपर्यंत. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. (तारीख कुणी निवडली कोण जाणे.) त्यात पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक, असं स्वच्छ लिहिलंय. पण हा हक्क 6 ते 14 वयाचा. मूल नववीत गेलं की कायदा त्याचं बोट सोडतो, आणि त्याच दिवशी खिचडीही बंद होते. शिवाय प्राथमिक शाळा पुष्कळ, हायस्कूल मोजकी. आजूबाजूच्या चार-पाच शाळांची आठवी पास झालेली मुलं एकाच फाटकातून आत येतात. मग वर्ग फुगला की सगळे नवल करतात.

आता जरा गावाकडे चला. माझा धाकटा भाऊ पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. शाळा डोंगरात, चौथीपर्यंत, पट एका हाताच्या बोटांवर मोजून दुसऱ्या हाताची थोडी लागतील एवढा. 2023 मध्ये सरकारनं 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय काढला, तेव्हापासून त्याला झोप नाही. रात्री मला फोन करतो.

“ताई, तुझ्याकडची चार पोरं दे की पाठवून. पट दोन आकडी होईल माझा.”

“कशी पाठवू? कुरिअरनं?”

“एसटीनं. पोरींना हाफ तिकीट आहे.”

“अरे, तुझी शाळा चौथीपर्यंत, माझी पोर नववीत.”

“बसू दे मागं. बाक रिकामेच आहेत माझ्याकडं.”

त्याच्याकडे बाक आहेत, मैदान आहे, शाळेमागे ओढा आहे. मुलं नाहीत, कारण त्या मुलांचे आईबाप इथे येऊन माझ्या शेजारी राहतात. मी त्यांतलीच एक, पण फोनवर हा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

शिक्षक वाढवा, असं मीही पहिल्यांदा भाबडेपणानं शाळेत म्हणून आले. तेव्हा मला संचमान्यता ही गोष्ट कळली. शाळेला शिक्षक किती, हे संचमान्यतेत ठरतं. संचमान्यता पटावरून ठरते. आणि पटावर कोण धरायचं, तर ज्याचं आधार शाळेच्या ऑनलाइन नोंदीशी जुळतं ते मूल. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त पडला, जन्मतारखेत महिना इकडचा तिकडे झाला, की मूल जुळत नाही. असं मूल बाकावर जागा अडवतं, डबा खातं, खडू फेकतं. पण शिक्षक मोजायची वेळ आली की ते नसतंच. नववी ब मध्ये अशी काही अदृश्य मुलं आहेत. बाई म्हणतात, सगळ्यात जास्त आवाज त्यांचाच येतो.

बरं, पद मंजूर झालं तरी माणूस यायला हवा. त्यासाठी शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आहे. नाव ऐकून मी आधी हात जोडले होते. आणि जे शिक्षक आहेत त्यांतलं कुणी ना कुणी मतदार याद्यांच्या कामाला गेलेलं असतं. गणिताच्या सरांना आमच्या सेक्टरातले मतदार मुलांपेक्षा जास्त ओळखतात.

पण खरा सोहळा बघायचा तर दुपारी फाटकाशी यावं. सकाळची शाळा 12.20 ला सुटते, दुपारची 12.30 ला भरते. मधल्या दहा मिनिटांत अख्खी एक शाळा बाहेर यायची आणि दुसरी आत जायची, फाटक एक. त्यातही त्याचं एक दार गंजून कायमचं अर्धं मिटलेलं. आतून येणारे ‘सर, सोडा’ म्हणतात, बाहेरचे ‘सर, घ्या’ म्हणतात आणि शिपाईमामा दोन्हीकडून ढकलले जात मध्येच तरंगत असतात. रस्त्यावर स्कूटीवरच्या आया, रिक्षावाले, वडापावच्या गाडीभोवती दोन्ही पाळ्यांची उपाशी पोरं. एखाद्या रिक्षानं वळायचं धाडस केलं की पाच मिनिटं कुणालाच वळता येत नाही. जुलैत हे सगळं छत्र्यांसकट. एकदा मी गर्दीतून तनुजाचा हात धरून बाहेर ओढला. बऱ्यापैकी ओढल्यावर हात म्हणाला, “काकू, माझी शाळा आत्ता भरतेय.” मी तिला परत आत ढकलली. ती दुपारच्या पाळीतली कुणी साक्षी होती, फार समजूतदार मुलगी.

या सगळ्याचा सोक्षमोक्ष लावायला पालक सभा झाली. सभा वर्गातच, म्हणजे बाकांवर. आम्ही चौघी एका बाकावर बसलो, आणि पोरींचं शास्त्र नववीतल्या अंगासाठी असतं, चाळिशीतल्या अंगासाठी नाही, हे ताबडतोब कळलं. सभा सुरू होण्याआधी मी वर्गशिक्षिकांना गाठलं.

“मॅडम, मी तनुजा हिरवेची आई.”

“तनुजा… खिडकीकडची का?”

“नाही, भिंतीकडची.”

“हां हां, भिंतीकडची! शांत आहे हो अगदी. काही त्रास नाही.”

आमची तनुजा आणि शांत! मॅडमनी बहुधा भिंतीबद्दल सांगितलं असावं.

सभेचं पुढारपण मोहितेभाऊंकडे होतं. मोहितेभाऊ म्हणजे ज्यांचा मुलगा गेल्या जूनमध्ये, जागा संपल्यावर, माजी नगरसेवकाच्या पत्रावर आत आला ते. (महापालिकांच्या निवडणुका रखडल्या त्या वर्षांत सगळेच नगरसेवक माजी होते, पण लेटरहेड कुणाचं माजी झालं नव्हतं.) मोहितेभाऊ उभे राहिले आणि कडाडले, “सर, एका वर्गात किती मुलं कोंबणार आहात तुम्ही? काही मर्यादा?”

मुख्याध्यापक सर निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. म्हणाले, “नवी तुकडी काढायची तर शिक्षक हवा. शिक्षक हवा तर पद मंजूर हवं. पद मंजूर करायचं तर वर्गखोली दाखवा म्हणतात. आता वर्गखोली असती तर तुम्हा सगळ्यांना मी या एका खोलीत बसवलं असतं का?”

मग सूचना आल्या. गच्चीवर पत्र्याची शेड टाका. मे महिन्यात पत्र्याखाली मुलं भाजतील, असं कुणीतरी म्हणालं, तर मे महिन्यात सुट्टीच असते असं उत्तर आलं आणि एप्रिलचं काय, हे विचारायचं राहून गेलं. एका आजोबांचं म्हणणं, निम्मी मुलं सोमवार-बुधवार, निम्मी मंगळवार-गुरुवार. “आणि शुक्रवारी?” “शुक्रवारी सगळी. म्हणजे ओळख राहील एकमेकांची.” सरांनी तेही लिहून घेतलं. सर सगळं लिहून घेतात.

शेवटी ठरलं, लेखी अर्ज द्यायचा. मागणी एकच आणि एका ओळीची: ‘या शाळेत यापुढे नवीन प्रवेश पूर्ण बंद करावेत.’ मोहितेभाऊंनी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिला. टाळ्या पडल्या. अर्ज सहीला फिरायला लागला आणि पहिल्याच बाकावर अडला.

“भाऊ, एक करा ना,” एक वहिनी म्हणाल्या. “सख्खी भावंडं सोडून, असं घाला कंसात. आमचा धाकटा येतोय पुढच्या वर्षी.”

रास्त होतं. घातलं. दुसऱ्या बाकावरून आलं, बदली होऊन आलेल्यांची मुलं सोडून. तिसऱ्या बाकावरून आलं, ज्यांनी आधीच अर्ज दिलाय ते सोडून. एकीची बहीण दिवाळीनंतर कळव्याहून इकडे राहायला येणार होती, तिच्यासाठी ‘नव्याने राहायला आलेले स्थानिक’ हा शब्दप्रयोग खास तयार झाला. मी फार काही मागितलं नाही. गावाकडच्या शाळा बंद झाल्यास तिथली मुलं सोडून, एवढंच घाला म्हटलं. उद्या भावाची शाळा गेली तर त्याची दोन पोरं कुठे जाणार? मोहितेभाऊंनी सगळ्यांचं मन राखलं, मग इकडेतिकडे बघून शेवटी स्वतःचंही एक राखलं: ‘लोकप्रतिनिधींची, आजी अथवा माजी, शिफारस असलेले सोडून.’

अर्ज घेऊन आम्ही पाच-सहाजणी आणि मोहितेभाऊ कार्यालयात गेलो. लेखनिक मॅडमनी तो उलटसुलट करून वाचला.

“मागणी एक ओळ आणि सोडून-सोडून दीड पान,” त्या म्हणाल्या. “मग बंद कुणाला करायचं?”

“बाकीच्यांना,” मोहितेभाऊ म्हणाले.

मॅडमनी आवक शिक्का मारला, नंबर घातला आणि कपाटातून एक फाइल काढून त्यातला एक कागद वर ओढला. “मोहिते ना तुम्ही? तुमचा आणखी एक अर्ज आहे इथे. भाच्याला आठवीत प्रवेश मिळावा म्हणून. गेल्याच आठवड्यातला. तो मागे घ्यायचा का आता?”

“छे छे,” मोहितेभाऊ म्हणाले. “तोही राहू दे. फक्त तो वर ठेवा, हा खाली.”