‘दहातले नऊ धंदे बुडतात’: खुलासा

‘९० टक्के नवे उद्योग बुडतात’ हे वाक्य पुन्हा फिरतंय. किती वर्षांत, ते कुणी सांगत नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या नोंदींत साधारण २० टक्के नवी आस्थापनं पहिल्या वर्षात बंद होतात, पाच वर्षांत जवळपास निम्मी. दहा वर्षांनंतरही सुमारे एक तृतीयांश चालू असतात. आणि ही मोजणी बंद झालेल्यांची आहे, बुडालेल्यांची नव्हे! मालकानं निवृत्त होताना आवरलेला नफ्यातला धंदाही त्याच रकान्यात पडतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ ब्रायन हेड यांच्या २००३च्या अभ्यासात बंद झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश धंदे मालकांच्या मते यशस्वी होते. ‘अपयश’ म्हणजे गुंतवणूकदाराला अपेक्षित परतावा न मिळणं असं धरलं, तर अपयशाचा आकडा अर्थातच कितीतरी वर जातो.