दक्षिण मुख्यालय, कटक मंडळ आणि मामांच्या घराखालची जमीन

खडकी बाजारात राहणाऱ्या माझ्या मामांनी मागच्या रविवारी सकाळी सातला फोन केला आणि कसलीही प्रस्तावना न करता विचारले, "साडेतीन हजार भरून टाकू ना?" मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आयुष्यभर त्यांनी हिशेब लिहिले आणि कोथिंबिरीच्या जुडीचा भावही ते दोन ठिकाणी विचारतात; त्यामुळे त्यांना एवढी घाई कशाची झाली, हे पाहण्यासाठी मी तो व्हॉट्सॲपवरचा संदेश मागवून घेतला. दुपारपर्यंत तोच संदेश मला आणखी दोन नातेवाइकांकडून आला, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

"छावणीवासीयांनो, जागे व्हा" अशा मथळ्याखाली त्यात सात मुद्दे आहेत. लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाचा प्रमुख हा कॅम्प, खडकी आणि देहूरोड या पुण्यातल्या छावण्यांचा मालक आहे. पुण्यातले प्रत्येक लष्करी आस्थापन त्याच्याच हुकमाने चालते. लष्कर पाणी आणि वीज फुकट वापरते. देशातली १८ लाख एकर जमीन त्याने रिकामी अडवून ठेवली आहे. रस्ते मनाला येईल तेव्हा बंद केले जातात. एका महिन्याच्या नोटिशीवर कोणालाही घराबाहेर काढता येते. आणि आता छावणीचा नागरी भाग महापालिकेत जाणार असल्यामुळे घराखालची जमीन आपोआप रहिवाशाच्या नावावर होईल, मात्र त्यासाठी सोबतचा अर्ज साडेतीन हजार रुपये शुल्कासह मुदतीत भरावा लागेल. सहावा आणि सातवा मुद्दा एकाच कागदावर शेजारी-शेजारी कसे नांदतात आणि जमीन आपोआप होणार असेल तर अर्ज कशाला, हे प्रश्न संदेश लिहिणाऱ्याला पडलेले नाहीत.

पहिला मुद्दा मुळातच तीन वेगवेगळ्या यंत्रणांची खिचडी आहे. दक्षिण मुख्यालय ही लष्कराची कमांड, म्हणजे मोठा प्रादेशिक विभाग, असून तिचे क्षेत्र राजस्थानच्या वाळवंटापासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेले आहे, आणि जोधपूरची १२ कोर तिच्याच अखत्यारीत येते. एवढ्या पसाऱ्याचा प्रमुख खडकीतल्या गटारांचे कंत्राट पाहत बसत नाही. तळांच्या रोजच्या व्यवस्थेसाठी त्याच्या खाली वेगळी साखळी आहे: मुंबईत महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा एरियाचे मुख्यालय, त्याखाली पुण्यात दक्षिण महाराष्ट्र आणि गोवा सब-एरियाचे, आणि सर्वांत खाली त्या-त्या ठिकाणचे स्टेशन मुख्यालय. क्वार्टर कोणाला मिळणार, पहारा कसा लागणार, तळावरची स्वच्छता कशी राहणार, हे स्टेशन कमांडरच्या टेबलावर ठरते. इमारती, पाण्याच्या टाक्या आणि विजेच्या तारा सांभाळण्याचे काम लष्करी अभियंता सेवा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एमईएस, १९२३ पासून करत आली आहे; तिचा कमांडसाठीचा मुख्य अभियंता पुण्यात बसतो आणि प्रत्यक्ष काम गॅरिसन इंजिनिअर पाहतो. शिधा आर्मी सर्व्हिस कोअरच्या डेपोतून येतो. आणि या सगळ्याची बिले चुकती करणारे दक्षिण कमांडचे प्रधान नियंत्रक, संरक्षण लेखा, हे कमांडरचे हाताखालचे अधिकारी नसतात. ते संरक्षण लेखा विभागाचे असतात. कमांडरला ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च मंजूर करता येतो, पण पैसे दुसऱ्याच खात्याच्या हातून सुटतात. ज्याला स्वतःच्या मंजुरीचे बिलसुद्धा स्वतः चुकते करता येत नाही, त्याला मालक म्हणणे धाडसाचे आहे.

जमिनीचा आणि नागरी सेवांचा मामला तर आणखी वेगळा आहे. लष्कराच्या ताब्यातल्या जमिनींच्या नोंदी संरक्षण मालमत्ता विभाग ठेवतो, आणि हा विभाग नागरी अधिकाऱ्यांचा असून थेट संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली येतो. कटक मंडळ, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड, ही छावणी कायदा, २००६ नुसार चालणारी वैधानिक संस्था आहे. तिचा मुख्य कार्यकारी अधिकारी याच विभागाच्या सेवेतून येतो आणि स्टेशन कमांडर हा तिचा पदसिद्ध अध्यक्ष असतो. पुणे आणि खडकीसारख्या पहिल्या वर्गाच्या मंडळात कायद्याने निम्मे म्हणजे आठ सदस्य निवडून आलेले असावे लागतात. मामांचा घरपट्टीचा पैसा छावणी निधीत जमा होतो आणि त्यातून मंडळाची शाळा, दवाखाना आणि कचरागाडी चालते. कॅम्पातले सरदार वल्लभभाई पटेल रुग्णालय कटक मंडळाचे आहे आणि त्यात सामान्य नागरिकांवर उपचार होतात. वानवडीचे कमांड हॉस्पिटल ही लष्कराची निराळी संस्था आहे. या दोन्हींची गल्लत पुण्यात पन्नास वर्षे राहिलेली माणसेही करतात, तेव्हा संदेश लिहिणाऱ्याला यापुरती माफी आहे.

आता नाइलाजाने एक गोष्ट कबूल करतो. कायद्यात कमांडच्या प्रमुखाला मंडळावर खरोखरच मोठे अधिकार आहेत. मंडळाचा एखादा निर्णय अध्यक्षाने स्थगित केला तर प्रकरण त्याच्याकडे जाते आणि काही आदेशांविरुद्धचे अपीलही त्याच्याचकडे चालते. त्यातच, जानेवारी २०१५ मध्ये निवडून आलेल्या मंडळांची मुदत वाढवून-वाढवून संपल्यावर २०२१ पासून अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि एक नियुक्त नागरी सदस्य अशा तिघांच्या मंडळाकडे कारभार सोपवला गेला. ३० एप्रिल २०२३ ला जाहीर झालेली निवडणूक मार्च महिन्यातच रद्द करण्यात आली. नगरसेवक नसलेल्या गावात "सगळे साहेबच ठरवतात" असे लोकांना वाटू लागले, तर तो दोष निव्वळ अफवेचा नाही. मात्र निवडणूक रद्द करण्याचा निर्णय दिल्लीत मंत्रालयाने घेतला होता आणि दक्षिण मुख्यालयाच्या हाती तो नव्हता, एवढे तरी त्या संदेशात यायला हवे होते.

दुसरा मुद्दा पुण्याच्या नकाशावरच कोसळतो. खडकवासल्याची प्रबोधिनी तिन्ही दलांची आहे, लोहगावचा तळ हवाई दलाच्या गांधीनगर येथील नैर्ऋत्य कमांडकडे आहे, आणि लोणावळ्याची 'आयएनएस शिवाजी' तर थेट कोचीच्या दक्षिणी नौदल कमांडला उत्तरदायी आहे. शेजारी असणे वेगळे आणि हाताखाली असणे वेगळे.

फुकट पाणी-विजेचा आरोप एका वाक्यात संपतो, कारण एमईएस ही वीज आणि पाणी घाऊक ग्राहक म्हणून घेते आणि त्याचे बिल संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून भरते. खरा वाद मालमत्ता कराचा आहे: राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ मुळे केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर लावता येत नाही, त्याऐवजी मंत्रालय कटक मंडळांना सेवा शुल्क देते, आणि ते वर्षानुवर्षे थकते. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर मंडळांचे मालाच्या प्रवेशावरच्या स्थानिक कराचे उत्पन्नही गेले. खडकीतला रस्ता का दुरुस्त होत नाही, याचे उत्तर शोधायचे असेल तर ते या थकबाकीत सापडेल, जवानाच्या क्वार्टरमधल्या दिव्यात नव्हे.

१८ लाख एकरांचा आकडा खरा आहे, पण त्याला जोडलेला "रिकामी" हा शब्द खोटा आहे. जानेवारी २०२२ मध्ये संरक्षण जमिनींची मोजणी पूर्ण झाल्याचे सरकारने जाहीर केले, तेव्हा एकूण १७.९९ लाख एकर जमीन सांगितली होती आणि त्यातली फक्त १.६१ लाख एकर तेव्हाच्या ६२ छावण्यांच्या हद्दीत होती. बाकीच्यात गोळीबाराची मैदाने, दारूगोळ्याचे डेपो, धावपट्ट्या असे सगळे येते. पुलगावच्या दारूगोळा डेपोभोवती मोकळे माळरान का ठेवावे लागते, हे ३१ मे २०१६ च्या आगीनंतर विदर्भात कोणाला समजावून सांगायची गरज नसावी. अर्थात जमिनीचा वापर नेहमीच चोख असतो, असे माझे म्हणणे नाही. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०१०-११ च्या अहवालात लष्करी जमिनीवरच्या गोल्फ मैदानांवर ठपका होता, आणि त्या मैदानांना "पर्यावरण उद्यान व प्रशिक्षण क्षेत्र" म्हटले जात असल्याचीही नोंद होती. या नावाचा बचाव मी करणार नाही.

रस्त्यांबाबत छावणी कायद्याचे कलम २५८ स्पष्ट आहे. कमांडचा प्रमुख किंवा संरक्षण मालमत्ता विभागाचा प्रधान संचालक यांची पूर्वपरवानगी, सुरक्षेचे कारण आणि जनतेकडून हरकती मागवणारी जाहीर सूचना, या तिन्ही गोष्टींखेरीज रस्ता कायमचा बंद करता येत नाही. अनेक ठिकाणी हे पाळले गेले नव्हते, आणि म्हणूनच मे २०१८ मध्ये मंत्रालयाने देशभरातल्या अशा बंद रस्त्यांचा आढावा घेऊन अडथळे काढायला लावले. तेव्हा "मनाला येईल तेव्हा" ही तक्रार काही ठिकाणी खरी होती, पण ती बंदी कायद्यानुसार होती असे समजून गप्प बसण्याचे कारण नव्हते आणि नाही.

आता त्या दोन मुद्द्यांकडे येतो, ज्यांच्यामुळे मामा पैसे भरायला निघाले होते.

एका महिन्याच्या नोटिशीची गोष्ट हवेतून आलेली नाही. बंगाल इलाख्यासाठी १८३६ मध्ये गव्हर्नर जनरलने काढलेल्या १७९ क्रमांकाच्या आदेशात असे होते की छावणीत घर बांधायला जागा दिली तरी जमीन सरकारचीच राहील, आणि एक महिन्याची सूचना देऊन व परवानगीने उभारलेल्या बांधकामाची किंमत देऊन सरकार ती परत घेऊ शकेल. मुंबई इलाख्याचे नियम वेगळे होते, पण जमीन सरकारची आणि बांधकाम राहणाऱ्याचे, हे तत्त्व तेच. या प्रकारच्या धारणेला आजही 'ओल्ड ग्रँट' म्हणतात. म्हणजे नोटिशीचा मुद्दा अर्धा खरा आहे; उरलेला अर्धा संदेशाने गिळला आहे. जमीन परत घेण्याचा निर्णय केंद्र सरकारचा असतो, कमांडच्या प्रमुखाचा किंवा ब्रिगेडियरचा नसतो. अधिकृत बांधकामाची भरपाई द्यावी लागते. आणि सार्वजनिक जागेतून एखाद्याला बाहेर काढायचे झाल्यास १९७१ च्या कायद्याखाली कारणे दाखवा नोटीस, सुनावणी आणि जिल्हा न्यायाधीशांकडे अपील या पायऱ्या आहेत. रात्रीतून रणगाडा दारात येत नाही.

पण ज्या जमिनीवर आपला हक्क नाही म्हणून संदेश सहाव्या मुद्द्यात घाबरवतो, तीच सातव्या मुद्द्यात आपल्याला बक्षीस देऊन टाकतो, आणि मधल्या भीतीचे साडेतीन हजार रुपये घेतो. छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडण्याचे धोरण खरे आहे. हिमाचलमधल्या योल छावणीपासून २०२३ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि जून २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने राज्यांना त्याची मार्गदर्शक तत्त्वे कळवली. ती तत्त्वे कोणालाही वाचता येतात. नागरी सुविधांसाठी उभारलेल्या मालमत्ता राज्याला किंवा पालिकेला विनामूल्य मिळतील, मंडळाची येणी-देणी पालिकेकडे जातील, पालिका तिथे कर लावू शकेल, आणि जिथे लागू असेल तिथे जमिनीचा मालकी हक्क केंद्र सरकार स्वतःकडेच ठेवेल, असे त्यात लिहिले आहे. या शेवटच्या वाक्यापुढे तो संपूर्ण संदेश निकालात निघतो. विलीनीकरणाने कचरा उचलणारी गाडी बदलेल, घरपट्टीच्या पावतीवरचे नाव बदलेल, कदाचित बांधकामाचे नियमही बदलतील; छावणीच्या जमीन नोंदवहीत बी-३ वर्गात नोंदलेली ओल्ड ग्रँटची जमीन त्याने कोणाच्या नावावर होणार नाही, आणि ती व्हावी म्हणून एखाद्या खासगी माणसाकडे भरायचा कोणताही अर्ज या तत्त्वांत नाही.

अर्जावर कोणत्याही कार्यालयाचा शिक्का नव्हता, पत्ता नव्हता, फक्त पैसे पाठवायचा एक क्यूआर कोड होता. त्याखाली "कमांड हेडक्वार्टर्स मान्यताप्राप्त" असे लिहिले होते. जे मुख्यालय मालकी हक्क देऊच शकत नाही, त्याची मान्यता कशासाठी, असे मी मामांना विचारले. ते म्हणाले, "म्हणूनच तर खरे वाटले. एवढे मोठे नाव कोण खोटे लिहील?"

सोमवारी आम्ही दोघे मंडळाच्या कार्यालयात जाऊन जनरल लँड रजिस्टरच्या उताऱ्यासाठी अर्ज देऊन आलो, कारण छावणीत कोणत्या तुकड्यावर कोणाचा कोणता हक्क आहे, हे त्या नोंदवहीत पाहिले जाते; न्यायालयातही वाद निघाला की पहिल्यांदा तीच नोंदवही उघडली जाते. उतारा हाती आला तेव्हा मामांनी चष्मा लावून एकेक रकाना वाचला. धारकाच्या रकान्यात त्यांच्या आजोबांचे नाव होते, वर्गाच्या रकान्यात बी-३, आणि जमिनीच्या मालकाच्या रकान्यात भारत सरकार. "म्हणजे आजोबांच्या वेळी होते तेच आहे," असे म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली आणि त्या संदेशाखाली, ज्या ग्रुपवर तो आला होता तिथेच, उताऱ्याचा फोटो टाकला.