पुरस्कारांची यादी म्हणजे परिचय नव्हे

संगणकीय भौतिकशास्त्रातल्या कुणाला मोठा पुरस्कार मिळाला की दोन दिवसांत परिचयांचा पाऊस पडतो. जन्म कुठला, पीएचडी कुठली, मग सन्मानांची माळ, आणि शेवटी ‘महासंगणकाच्या साहाय्याने निसर्गाची कोडी उलगडली’. एवढं वाचून झाल्यावर या माणसाने नेमकं केलं काय, असं विचारलं तर वाचणाऱ्याला एक वाक्य सांगता येत नाही.

माझ्या मते या क्षेत्रातल्या माणसाचा परिचय लिहिताना तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. त्याने गणितातून काय वगळलं, उत्तर कुठे फसत होतं, आणि फसतंय हे कशावरून कळलं. बाकी सगळं बायोडेटात असतंच.

अनीसुर रहमान घ्या. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा या विषयातला पुरस्कार १९९३ पासून त्यांच्याच नावाने दिला जातो. जन्म १९२७, हैदराबाद. शिक्षण केंब्रिजला आणि बेल्जियममधल्या लुव्हेंला, पुढे अमेरिकेतली आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरी. इथवर सगळे लिहितात. खरा रहमान १९६४ च्या पेपरात भेटतो. तिथे त्यांनी संगणकावर प्रत्येक अणूवरचं बल काढून अणू टप्प्याटप्प्याने पुढे सरकवले. द्रव आर्गॉन, ८६४ अणू, तापमान ९४.४ केल्विन, वेळेचा टप्पा १० फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश), संगणक सीडीसी ३६००. (प्रयोगशाळा आर्गॉन आणि वायूही आर्गॉन, हा निव्वळ योगायोग. इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे.)

८६४ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो ४ × ६ × ६ × ६ आहे. फलक-केंद्रित घन रचनेच्या (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू) एका घरात ४ अणू बसतात. म्हणून या धंद्यात १०८, २५६, ५००, ८६४ हे आकडे पुन्हापुन्हा दिसतात. आर्गॉनच का? अणू गोल, त्यावर विद्युतभार नाही, आणि दोन अणूंमधलं बल लेनर्ड-जोन्सच्या साध्या सूत्रावर भागतं. अणूंच्या जोड्या होतात ३,७२,८१६. प्रत्येक टप्प्याला त्या सगळ्यांचं बल काढत बसलं तर यंत्र दमतं, म्हणून अणूच्या व्यासाच्या सव्वादोन पटीपलीकडचं बल सरळ शून्य धरलं. हे वगळणं. टप्पा वाढवला तर एकूण ऊर्जा, जी कायम राहायला हवी, ती हळूहळू सरकायला लागते, आणि ऊर्जा सरकली की समजायचं, गणित बिघडलं. ही तपासणी. ‘रहमान यांनी द्रवाचं सिम्युलेशन केलं’ या वाक्यात यातलं काय येतं?

त्यांचं पुढचं काम या धाग्याने वाचलं की आपोआप उलगडतं. १९७१ मध्ये स्टिलिंजर यांच्याबरोबर पाण्याचे २१६ रेणू घेतले, तेही ताठ धरून. कारण ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचं एक कंपन साधारण १० फेम्टोसेकंदांतच पुरं होतं. ते मोकळं सोडलं तर टप्पा एक फेम्टोसेकंदाच्या आसपास आणावा लागतो आणि खर्च कैक पटींनी वाढतो. १९८० मध्ये मिकेले पारिनेल्लो यांच्याबरोबर त्यांनी अणू ज्या पेटीत ठेवतात तिचाच आकार बदलू दिला, कारण आकार न बदलणाऱ्या चौकोनी पेटीत कोंडलेल्या स्फटिकाला दुसऱ्या रचनेत जायचं असलं तरी जाता येत नाही.

पाच वर्षांनी पारिनेल्लो आणि रॉबेर्तो कार यांनी इटलीतल्या त्रिएस्तला बसून इलेक्ट्रॉनांना खोटं वस्तुमान देऊन अणुकेंद्रकांबरोबर हाकलायची युक्ती काढली. प्रत्येक टप्प्याला क्वांटम गणित नव्याने सोडवायची गरज उरली नाही. १९९५ चा रहमान पुरस्कार या दोघांचा. पण युक्तीला किंमत आहे. टप्पा ०.१ फेम्टोसेकंदाच्या घरात येतो. धातूंमध्ये इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांत फट नसल्यामुळे केंद्रकांची उष्णता इलेक्ट्रॉनांत झिरपते, आणि ते मूळ, म्हणजे सगळ्यांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेवरून सुटतात. सगळं सुरळीत चाललेलं दिसतं आणि उत्तर मात्र भलतंच येतं.

केनेथ विल्सन आणि स्टीव्हन व्हाइट या गुरुशिष्यांची गोष्ट तर परिचय लिहिणाऱ्यांनी पाठच करावी. विल्सन यांना १९८२ चं नोबेल आणि १९९३ चा पहिला रहमान पुरस्कार मिळाला. कॉर्नेलमधल्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांचे पेपर अगदी थोडे होते. आजच्या पेपरमोजणीत त्यांचं काय झालं असतं, देव जाणे. १९७५ मध्ये त्यांनी धातूतल्या चुंबकीय अशुद्धीचा, म्हणजे कोंडो प्रश्न संख्यात्मक पद्धतीने सोडवला. ऊर्जेचे कप्पे सारखे न पाडता प्रत्येक कप्पा आधीच्याच्या निम्मा, अशा घटत्या मापाने पाडले. मग त्या कप्प्यांची साखळी करून एकेक कडी जोडायची, खालच्या ऊर्जेच्या काही अवस्था ठेवायच्या आणि वरच्या टाकून द्यायच्या. हे चाललं, कारण प्रत्येक नव्या कडीचं बल आधीच्यापेक्षा लहान होत गेलं.

हीच कृती सारख्या ताकदीच्या साखळीवर लावली की बोजवारा उडतो. तो का उडतो हे व्हाइट आणि नोॲक यांनी १९९२ मध्ये अगदी शाळकरी उदाहरणावर दाखवलं. डब्यातला एक कण घ्या. लहान डब्यातल्या अवस्था कडेला शून्य होतात. दोन डबे जोडून मोठा केला की जोडावर शून्य येतं, आणि मोठ्या डब्याच्या खऱ्या तळाच्या अवस्थेचा फुगवटा नेमका तिथेच असतो. म्हणजे खालच्या ऊर्जेच्या अवस्था ठेवणं हा नियमच चुकीचा. व्हाइट यांनी तो बदलला. तुकडा एकटा सोडवायचा नाही, मोठ्या साखळीत बसवून सोडवायचा, आणि घनता-मॅट्रिक्समध्ये (मोठ्या साखळीत तुकडा कोणत्या अवस्थेत किती असतो हे सांगणाऱ्या तक्त्यात) ज्यांचं वजन जास्त त्या अवस्था ठेवायच्या. डीएमआरजी (डेन्सिटी मॅट्रिक्स रीनॉर्मलायझेशन ग्रुप) म्हणतात ती हीच पद्धत. १९९३ मध्ये व्हाइट आणि ह्यूस यांनी स्पिन-१ हायझेनबर्ग साखळीची (शेजाऱ्याशी बांधलेल्या अणुचुंबकांच्या रांगेची) प्रत्येक जागेमागची ऊर्जा −१.४०१४८४०३८९७१ इतक्या अंकांपर्यंत दिली. व्हाइट यांना रहमान पुरस्कार २००३ मध्ये मिळाला. साखळीऐवजी रुंद पट्टा घेतला की ठेवायच्या अवस्था रुंदीबरोबर घातांकाने वाढतात, आणि तिथे ही पद्धत धापा टाकते. मर्यादेचं हे वाक्य परिचयात नसेल, तर लिहिणाऱ्याला विषय कळलेला नाही असं खुशाल समजा.

वॉल्टर कोन यांच्याबद्दल थोडक्यात. मूलभूत काम, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं गणित त्यांच्या घनतेवरून मांडणं, १९६४ आणि १९६५ चं, नोबेल १९९८ चं, आणि तेही रसायनशास्त्राचं. त्यांच्या प्रमेयाने सगळं समीकरणातल्या एका अज्ञात पदावर आणून ठेवलं, पण त्या पदाला भरवशाचे आकडे सेपर्ली आणि ऑल्डर यांच्या १९८० च्या मॉन्टे कार्लो (यादृच्छिक आकड्यांवर चालणाऱ्या) गणिताने दिले. त्या आकड्यांवर सिलिकॉनच्या अणूंच्या जाळीचं माप एक टक्क्याच्या आत बरोबर येतं. ऊर्जापट्ट्यांमधली फट मात्र १.१ ऐवजी साधारण ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. एकाच गणितात एक उत्तर अचूक आणि दुसरं निम्म्यावर! महासंगणकावरच्या कामासाठीचं २०२० चं गॉर्डन बेल पारितोषिक मिळवणाऱ्या कामात न्यूरल नेटवर्कच्या जोरावर दहा कोटी अणू हलवले (त्या चमूत तेच रॉबेर्तो कार आहेत), तेव्हा बातम्यांत फक्त दहा कोटीच गाजले. नेटवर्क शिकलं कशावर? कोन यांच्या सिद्धान्तावर चालणाऱ्या गणितांवर. त्या गणितांत जे चुकतं, ते नेटवर्क इमानदारीने शिकतं.

तपासणीचा सगळ्यांत चांगला धडा मिळतो फ्रान्स प्रिटोरियस यांच्याकडे. दोन कृष्णविवरांची टक्कर संगणकावर घडवायला लोक कित्येक वर्षं झटत होते आणि कोड मध्येच कोलमडत होते. आइन्स्टाइनची समीकरणं दहा, त्यातली चार बंधनं, म्हणजे प्रत्येक क्षणी पाळलीच पाहिजेत अशी. बंधनं सुरुवातीला पाळली की गणिताने ती पुढे आपोआप पाळली जातात. पण संगणकाच्या बारीक चुका बंधन किंचित मोडतात, आणि मोडलेलं बंधन घातांकाने वाढत जातं. प्रिटोरियस यांनी २००५ मध्ये निर्देशक (जागा आणि वेळ मोजायची चौकट) बदलले, बंधन मोडलं की त्याला दाबून टाकणारी पदं समीकरणांतच घातली, कृष्णविवराच्या क्षितिजाच्या आतला, जिथून काहीच बाहेर येत नाही तो भाग कापून टाकला, आणि जिथे गरज तिथेच ग्रिड (जागेवर टाकलेलं बिंदूंचं जाळं) बारीक केलं. विश्वास कसा ठेवायचा? तेच गणित तीन ग्रिडवर चालवायचं, प्रत्येक वेळी अंतर निम्मं करून. पद्धत दुसऱ्या कोटीची (अंतर निम्मं केलं की चूक पाव होणारी) असेल तर पहिल्या-दुसऱ्या उत्तरातला फरक दुसऱ्या-तिसऱ्यातल्या फरकाच्या चौपट यायला हवा. दीडपट आला तर कितीही सुंदर चित्रं काढा, उपयोग नाही. त्यांना रहमान पुरस्कार पाच वर्षांतच, २०१० मध्ये मिळाला. २०१५ मध्ये लायगोला (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला) खऱ्या टकरीची लहर सापडली, तेव्हा ती ताडून बघायला अशीच गणितं हाताशी होती.

याच्या उलट हवामानाचं गणित करणारे स्युकुरो मानाबे. १९६७ चं काम, २०२१ चं नोबेल, म्हणजे ५४ वर्षं. वेदराल्ड यांच्याबरोबर त्यांनी अख्ख्या पृथ्वीऐवजी हवेचा एकच उभा स्तंभ घेतला. तापमानाची घट दर किलोमीटरला ६.५ अंशांपेक्षा जास्त झाली की हवा ढवळली जाते, असा नियम लावला. कार्बन डायऑक्साइड ३०० वरून ६०० पीपीएम केला. हवेतली वाफ कायम धरली तर तापमानवाढ १.३३ अंश, सापेक्ष आर्द्रता कायम धरली तर २.३६. या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे वाफेचा हातभार. ‘जागतिक तापमानवाढीचे जनक’ या बिरुदापेक्षा हे दोन आकडे त्यांच्याबद्दल जास्त सांगतात.

आता एक तक्रार. नोबेल फार तर तिघांना मिळतं आणि पद्धतीला नाव एकाचंच चिकटतं. १९५३ चा मॉन्टे कार्लोचा पेपर पाच जणांचा, अल्गोरिदम मात्र मेट्रोपोलिस यांच्या नावावर. मॅनियॅक संगणकावर, कण म्हणून घेतलेल्या २२४ चकत्यांचा तो प्रोग्राम लिहिला ॲरिआना रोझेनब्लुथ यांनी. ऑल्डर यांना अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स मिळालं, आणि लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत त्यांचे कठीण (एकमेकांत न शिरणाऱ्या) गोलकांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या मेरी ॲन मॅन्सिग यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. परिचय लिहिताना मूळ पेपरातली आभाराची ओळ वाचायला दोन मिनिटं लागतात. कोड लिहिणारं माणूस बऱ्याचदा तिथेच सापडतं.

अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेचा १९५५ चा अहवाल काढून बघा. नोबेलविजेते फर्मी तो येण्याआधीच वारले होते. स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची ऊर्जा सगळीकडे सारखी पसरेल अशी अपेक्षा होती, पण ती फिरून जवळपास पहिल्याच कंपनप्रकारात परतली. कित्येक वर्षं हा प्रश्न फर्मी-पास्ता-उलाम म्हणून शिकवला गेला. मुखपृष्ठावर मात्र दोन वेगळ्या ओळी आहेत. अहवाल लिहिणारे तीन: फर्मी, पास्ता, उलाम. काम करणारे चार, आणि चौथं नाव एम. त्सिंगू.