'रोज 50 भारी शब्द, वर फ्रेंचचा तडका' वाल्या मेसेजबद्दल

'30 दिवसांत ॲडव्हान्स इंग्लिश, इंटरव्ह्यू बोर्ड गार' असा एक मेसेज सध्या स्पर्धा परीक्षावाल्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात सांगितलंय की रोज 50 अवघड शब्द पाठ करा, गुड, बॅड, व्हेरी, हेल्प असले 'पोरकट' शब्द वापरूच नका, दर दोन वाक्यांमागं एक फ्रेंच शब्द टाका, फ्रेंच शब्दातलं शेवटचं व्यंजन कधीच उच्चारू नका, आणि महिनाभर मराठी वाचणं पूर्ण बंद. असले मेसेज मी वाचत पण नाही. पण लातूरला युपीएससीचा अभ्यास करणारा माझा भाचा हे मनावर घेऊन बसलाय, रूमवर येणारा मराठी पेपर बंद केलाय, आणि विचारलं तर म्हणतो, "मामा, सोपं इंग्लिश लिहिलं की मार्क कमी पडायलेत म्हणे." कोण म्हणे? तर मेसेज म्हणे.

आधी त्या फ्रेंचचं बघू, कारण सगळ्यात मोठा बट्ट्याबोळ तिथंच आहे. 'शेवटचं व्यंजन कधीच उच्चारू नका' हा नियम लावून बघा. शेफचा होतो 'शे'. शिक, म्हणजे झोकदार, त्याचं होतं 'शी'. आता लग्नात एखाद्या बाईच्या पैठणीला कौतुकानं 'शी' म्हणून दाखवा आणि मग सांगा काय झालं ते. खरी गोष्ट अशी आहे की फ्रेंचमध्ये शेवटचे टी, पी, एस, एक्स, झेड, डी बहुतेक वेळा गप असतात, पण सी, आर, एफ, एल बऱ्याचदा बोलतात. त्यात परत पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की गप बसलेलं अक्षर पण कधी कधी जागं होतं, म्हणून 'फेट अकॉम्प्ली', म्हणजे होऊन गेलेली गोष्ट, यातला टी ऐकू येतो. आणि 'कू द ग्रास', म्हणजे शेवटचा घाव, हे लोक हुशारी करून 'कू द ग्रा' म्हणतात. फ्रेंच माणसाच्या कानाला तो 'चरबीचा घाव' लागतो.

अर्धा नियम खरा आहे हे मान्य करतो, नाईलाजानं. पण तो अर्धा आपल्याला आधीपासूनच येतो. एसटीच्या डेपोला कोणी डेपॉट म्हणतं का? सत्काराला बुके देतात आणि लग्नात बुफे असतो, आणि हे सगळं शेवटच्या टीला हात न लावता जमतं, ते पण कुठला मेसेज न वाचता.

अर्थाचं तर विचारूच नका. मेसेजमध्ये 'फो पा' चा अर्थ दिलाय 'मोठी चूक', आणि उदाहरण काय तर तलाठ्यानं सातबाऱ्यात फो पा केला. अरे बाबा, फो पा म्हणजे चारचौघांत वागण्याबोलण्यात झालेली चूक, जसं मयतीच्या घरी जाऊन "काय मग, मजेत?" विचारणं. सातबाऱ्यावर चुकीचं नाव लागलं तर त्याला फो पा नाही म्हणत, त्याचे तहसीलला हेलपाटे असतात.

आणि फ्रेंच शब्दानं क्लास येतो म्हणे! 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबारात, कोर्टात फ्रेंच चाललं, त्यामुळं इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा ढीग आहे. कोर्ट, जज, टॅक्स, मटन हे सगळे तिकडूनच आलेत. मटन म्हटल्यानं कोणाचा क्लास वाढलेला मी तरी बघितला नाही.

रोज 50 शब्दांचं थोडक्यात सांगतो. शब्दसंग्रह लागतो, त्यात वाद नाही. पॉल नेशन नावाच्या भाषातज्ज्ञानं 2006 मध्ये हिशोब मांडला होता की इंग्रजी पेपर, कादंबरी डिक्शनरी न उघडता वाचायची तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं यावी लागतात (डेव्हलप, डेव्हलपमेंट, डेव्हलपिंग हे सगळं एकच कुटुंब). पण ती वापरातल्या क्रमानं, आधी नेहमीचे दोन-तीन हजार पक्के आणि मग वर. यादीतले शब्द वर्षातून एकदा भेटणारे, ते महिन्यात पाठ होतील आणि पुढच्या महिन्यात जातील. आमच्या आजीनं शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, पण मुंतखब, दरखास्त, खासरा हे निजामाच्या काळातले शब्द तिला तोंडपाठ, कारण जमिनीच्या भानगडीत ते रोज लागायचे.

आता नुकसानीचा मुद्दा, सोपे शब्द वापरू नका. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या डॅनियल ओपनहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं नेमकं हेच तपासलं होतं, सोप्या लिखाणातले शब्द काढून जागी भारी शब्द घातले आणि लोकांना वाचायला दिलं, तर वाचणाऱ्यांनी लिहिणाऱ्याला कमी हुशार ठरवलं, जास्त नाही. त्याला 2006 चं इग नोबेल मिळालं, ते हसवणारं बक्षीस असतं, पण प्रयोग खरा आहे. बरं, अमेरिकेचं सोडा. युपीएससीच्या नोटिफिकेशनमध्ये मुख्य परीक्षेच्या सूचनांत स्वच्छ लिहिलेलं असतं की सगळ्या विषयांत मुद्देसूद, परिणामकारक आणि नेमकं, तेही मोजक्या शब्दांत लिहिण्याला श्रेय दिलं जाईल. मार्क देणाराच मोजकं लिहा म्हणतोय आणि आमची पोरं 'हेल्प' खोडून तिथं 'फॅसिलिटेट' लिहायलेत, 'यूज' खोडून 'युटिलाइज'. 250 शब्दांच्या उत्तरात असला भरणा केला की मुद्द्याला जागा कुठं उरते?

मेसेजमधलं बाकीचं, म्हणजे आरशासमोर बोला वगैरे, ठीक आहे, बोला. कोणाचं काही जात नाही.

पण 'मराठी बंद' वर मात्र मी भाच्याला फोनवर चांगलाच झापला. युपीएससी मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा एक सक्तीचा पेपर असतो, 300 मार्कांचा, आपली पोरं तिथं मराठी घेतात. इंग्रजीचा पण तेवढाच. दोन्हींत किमान 25 टक्के, म्हणजे 75 मार्क लागतात, ते मेरिटमध्ये धरत नाहीत, पण एकात जरी कमी पडले तरी निबंध, जीएस (सामान्य अध्ययन), ऑप्शनल (आपण निवडलेला विषय) यातलं काहीच मोजत नाहीत. वर मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, आणि तशी लिहिली तर मुलाखतही मराठीतून देता येते. हे सगळं नोटिफिकेशनमध्ये आहे, पीडीएफ फुकट मिळते. पेपरवाल्याला परत सांगितलंय, उद्यापासून टाकेल, बिल मी देतो.